‘पातळची गोळी’ चालू असताना नैराश्याची गोळी: सांगली जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे, कुणा एका रुग्णाची ही नोंद नाही. यातला प्रत्येक टप्पा मात्र मिरज-सांगलीच्या कुठल्याही अपघात विभागात दिसू शकेल असा आहे. औषधांविषयीचे तपशील जसे आहेत तसेच दिले आहेत.

रुग्ण आणि आधीची स्थिती

वय ५८, तासगाव तालुक्यातलं गाव, घरची द्राक्षबाग. लहानपणीच्या सांधेतापामुळे हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली. काही वर्षांपूर्वी फुग्याने ती उघडून घेतली होती, आता पुन्हा मध्यम प्रमाणात आकसली आहे. ठोके कायमचे अनियमित, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. अशा हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. म्हणून ॲसेनोकुमारॉल २ मिलिग्रॅम रोज संध्याकाळी. गावाकडे हिला ‘रक्त पातळची गोळी’ म्हणतात. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा, आणि गेलं वर्षभर तो २.१ ते २.८ च्या दरम्यानच होता. जोडीला ठोक्यांचा वेग आवरणारं मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, लघवीची गोळी फ्युरोसेमाइड २० मिलिग्रॅम आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या.

‘हल्ली रक्त न तपासता चालणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या का नाही दिल्या?’ हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. सांधेतापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेत त्या चालत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळीच्या गटापेक्षा जुन्या प्रकारच्या गोळ्यांच्या गटात मृत्यू कमी झाले. त्यामुळे आयएनआर तपासत राहण्याला या रुग्णासाठी पर्याय नव्हता.

पती वारल्यानंतर चार महिन्यांत बाई खचत गेल्या. पहाटे तीनला जाग यायची, बागेकडे फिरकणं बंद झालं, जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. वजन ५२ वरून ४७ किलो झालं. मुलाने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. प्रश्नावलीवर गुण १७ आले, म्हणजे नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम सकाळी आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम ०.२५ मिलिग्रॅम रात्री सुरू झालं. निदान बरोबर होतं आणि उपचाराची गरजही खरी होती. अशा रुग्णाला ‘हृदयाचं दुखणं आहे, डिप्रेशनची गोळी नको’ म्हणून परत पाठवणं हीसुद्धा घातक चूक ठरली असती.

माहिती अडली ती दुसरीकडेच. हृदयाची फाईल घरी लोखंडी कपाटात होती. ‘आणखी काही गोळ्या चालू आहेत का?’ या प्रश्नाला मुलाने ‘बीपीची एक आहे’ असं उत्तर दिलं. ते खोटं नव्हतं, त्याच्या डोक्यात मेटोप्रोलॉल हीच बीपीची गोळी होती. अशा वेळी ‘रक्त तपासून जिचा डोस कमी-जास्त करतात अशी एखादी गोळी आहे का?’ असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं, कारण दर महिन्याची सुई कुणी विसरत नाही.

१९ दिवसांत काय घडलं

पहिल्या आठवड्यात काहीच जाणवलं नाही. फक्त मळमळ होती आणि जेवण आणखी कमी झालं. फ्लुओक्सेटिनच्या सुरुवातीला असं होतंच. नवव्या दिवशी गुडघा दुखू लागला म्हणून औषधाच्या दुकानातून ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ यांची एकत्र गोळी आणली आणि दिवसातून दोन वेळा पाच दिवस घेतली. पंधराव्या दिवशी दंडावर आणि मांडीवर निळसर-काळे डाग दिसले. सतराव्या दिवशी शौचाला काळं झालं.

सुनेने ते पाहिलं होतं. नंतर ती म्हणाली, ‘आत्याबाईंना लोहाच्या गोळ्या चालू हायत, त्यानंच काळं होतंय असं वाटलं.’ हा गैरसमज इतका सर्रास होतो की फरक नीट सांगायलाच हवा. लोहामुळे होणारा मळ हिरवट-काळा, घट्ट, बांधलेला असतो आणि वास नेहमीचाच असतो. जठरातून रक्त गेल्यावर मळ डांबरासारखा चकचकीत, चिकट आणि पातळसर होतो, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहतो. वास असा असतो की एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. पाणी ओतल्यावर कडेने लालसर ओघळ दिसला तर शंकाच उरत नाही. बाईंचा मळ दुसऱ्या प्रकारचा होता आणि दोन दिवस तसाच होत राहिला.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघरात चक्कर येऊन खाली बसल्या. घरच्यांनी १०८ ला फोन केला आणि त्यांना मिरजेला आणलं.

दाखल होतानाचे आकडे: रक्तदाब ९६/६०, नाडी ६६ आणि अनियमित, हिमोग्लोबिन ६.९ (दोन महिन्यांपूर्वी ११.४), प्लेटलेट २ लाख १० हजार, आयएनआर ७.२, युरिया ६८, क्रिएटिनिन ०.९, सोडियम १२७.

यातल्या तीन आकड्यांवर थांबायला हवं.

नाडी ६६. एवढं रक्त गेलेल्या माणसाची नाडी ११० च्या पुढे धावायला हवी. इथे मेटोप्रोलॉलने ती दाबून धरली होती. त्यात फ्लुओक्सेटिन यकृतातलं सीवायपी २डी६ हे विकर (एन्झाइम) अडवतं आणि मेटोप्रोलॉल त्याच विकराने निकामी होतं. म्हणजे रुग्णाने रोजची ५० चीच गोळी घेतली तरी रक्तातलं प्रमाण त्याहून जास्त डोसाइतकं चढतं. ‘नाडी ठीक आहे’ एवढ्यावर या बाईंना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं असतं तर जीवावर बेतलं असतं.

युरिया ६८ पण क्रिएटिनिन ०.९. मूत्रपिंड ठीक असताना एकटा युरिया वाढला तर जठरात सांडलेलं रक्त आतड्यात पचतंय असं समजावं. एंडोस्कोपीच्या आधीच हा आकडा रक्तस्राव वरच्या भागातला असल्याचं सुचवतो.

सोडियम १२७. नैराश्याची ही औषधं, उतारवय, स्त्री, कमी वजन आणि लघवीची गोळी, असं सगळं जुळून आलं की पहिल्या काही आठवड्यांत सोडियम खाली येतं. बाई थोड्या गोंधळलेल्या होत्या. आयएनआर ७ च्या पुढे असताना गोंधळ दिसला तर तो सोडियमवर ढकलून मोकळं होता येत नाही, मेंदूतला रक्तस्राव आधी वगळावा लागतो. सीटी स्कॅन लगेच झाला. तो स्वच्छ निघाला.

आयएनआर ७.२ झाला कशाने

पहिली शंका दुहेरी डोसाची होती. खचलेला माणूस गोळी घेतली की नाही हे विसरतो आणि पुन्हा घेतो. मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या का, हेही अशा रुग्णाला शांतपणे, थेट विचारलंच पाहिजे. विचारलं. तसं काही नव्हतं. घरून पाकीट मागवून उरलेल्या गोळ्या मोजल्या, हिशेब बरोबर जुळला.

मग उरली तीन कारणं. ॲसेनोकुमारॉल मुख्यतः सीवायपी २सी९ या विकराने शरीराबाहेर जातं. फ्लुओक्सेटिन आणि त्याहूनही फ्लुव्होक्सामिन हे विकर अडवतात. म्हणजे डोस तोच, पण गोळी रक्तात जास्त रेंगाळते. प्रत्येकाचा आयएनआर यामुळे चढतोच असं नाही. काहींचा जागचा हलत नाही, काहींचा दुप्पट-तिप्पट होतो आणि आधी ओळखण्याचा सोपा मार्ग नाही. दुसरं कारण पोटातलं. जेवण अर्ध्यावर आलं, मेथी-शेपू-चाकवत ताटातून गेलं, की जीवनसत्त्व के कमी मिळतं आणि ही गोळी त्या जीवनसत्त्वाविरुद्धच काम करते. आमच्या मते बाईंचा आयएनआर फ्लुओक्सेटिन सुरू व्हायच्या आधीच वर सरकू लागला असणार. शेवटची तपासणी त्याच्या पाच आठवडे आधीची होती, २.६ ची. त्यानंतर कुणी पाहिलंच नाही. तिसरं कारण ॲसिक्लोफेनॅक, पण त्याने आयएनआरपेक्षा जठराच्या अस्तराचं जास्त नुकसान केलं.

पण आयएनआर हा या प्रकरणाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा कुठल्याच नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

प्लेटलेट स्वतः सेरोटोनिन हे रसायन बनवू शकत नाहीत. आतड्यात तयार झालेलं सेरोटोनिन त्या रक्तातून ओढून घेतात आणि आपल्या कणांत साठवतात. रक्तवाहिनी फाटली की ते बाहेर सोडून बाकीच्या प्लेटलेटना गोळा करतात. हे ओढून घेण्याचं जे दार आहे, तेच दार फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम ही औषधं बंद करतात. मेंदूत त्याचा फायदा होतो. प्लेटलेटमधला साठा मात्र दोन-तीन आठवड्यांत रिकामा होत जातो. प्लेटलेटची संख्या २ लाख १० हजारच राहते, आयएनआरवर याचा काडीचाही परिणाम होत नाही, आणि तरी जखमेवर गाठ नीट धरत नाही. त्यात ही औषधं जठरातलं आम्लही थोडं वाढवतात.

त्यामुळे ‘आयएनआर २.५ आहे, मग काळजी कसली’ हे या जोडीत खरं नाही. आयएनआर गुठळीच्या एका वाटेवरचं मोजमाप आहे, प्लेटलेटची वाट वेगळी. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन यांपैकी काही मध्ये आलं की प्लेटलेटवर दुसरा घाव बसतो आणि जठराच्या अस्तराचं संरक्षणही जातं. या बाईंच्या बाबतीत सगळ्यांत टाळता येण्याजोगी गोष्ट होती ती ही पाच दिवसांची गुडघ्याची गोळी.

धोका किती, याचा अंदाज हवा म्हणून एक आकडा. ब्रिटनमधल्या एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती रक्त पातळची गोळी घेणाऱ्यांपेक्षा दोन्ही घेणाऱ्यांमध्ये मोठ्या रक्तस्रावाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त होता आणि पहिल्या ३० दिवसांत तो सर्वाधिक होता. एक तृतीयांश वाढीसाठी जोडी सरसकट बंद करण्याचं कारण नाही. पहिला महिना डोळ्यांत तेल घालून काढायचा, एवढं मात्र त्यातून निघतं.

उपचार

फ्लुओक्सेटिन, ॲसेनोकुमारॉल, फ्युरोसेमाइड आणि लोह थांबवलं. मेटोप्रोलॉल दोन दिवस बंद ठेवून नंतर २५ वर आणलं. जीवनसत्त्व के ५ मिलिग्रॅम ५० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या तासात शिरेतून दिलं. हे इंजेक्शन भरभर दिलं तर तीव्र ॲलर्जीसारखा झटका येऊ शकतो, म्हणून घाई नाही. त्याचा परिणाम सुरू व्हायला चार ते सहा तास लागतात, तोवर गोठण घटक बाहेरून द्यावे लागतात.

उत्तम पर्याय प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सचा, म्हणजे गोठण घटकांच्या तयार इंजेक्शनचा. आयएनआर ६ च्या वर असेल तर वजनाच्या दर किलोला ५० युनिट, द्रव थोडं आणि परिणाम काही मिनिटांत. ते महाग आहे आणि रात्री-अपरात्री जिल्ह्याच्या ठिकाणी हाताशी असेलच असं नाही. इथे प्लाझ्मा वापरावा लागला. हिशेब किलोमागे १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे ४७ किलोला ४७० ते ७०५ मिलिलिटर. अरुंद मायट्रल झडपेमागे एवढं द्रव एकदम ओतलं तर ते फुफ्फुसात साचून दम लागतो. म्हणून एकेक पिशवी, प्रत्येक पिशवीनंतर छाती तपासून, दुसरी संपल्यावर फ्युरोसेमाइड २० मिलिग्रॅम शिरेतून, अशा तीन पिशव्या दिल्या. त्यानंतर लाल पेशींच्या दोन पिशव्या, प्रत्येकी साडेतीन तासांत. जठरातलं आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल सुरुवातीला शिरेतून.

सहा तासांनी आयएनआर २.१, दुसऱ्या दिवशी १.४. एंडोस्कोपीत जठराच्या खालच्या टोकाला ८ मिलिमीटरचा व्रण होता, तळ स्वच्छ, आणि आजूबाजूला सोललेलं अस्तर. जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी होकारार्थी आली. त्यावरचा चौदा दिवसांचा अँटिबायोटिक कोर्स लगेच दिला नाही, आणि ते जाणीवपूर्वक. त्यातलं क्लॅरिथ्रोमायसिन आयएनआर चढवतं, मेट्रोनिडाझोल तर खूपच चढवतं. आयएनआर आठ-दहा दिवस स्थिर दिसेपर्यंत तो पुढे ढकलला.

गोळी पुन्हा सुरू करताना

खरी कसोटी इथे लागते. रक्तस्राव थांबला म्हणजे पातळची गोळी कायमची बंद, असा समज घरात असतो आणि तो नैसर्गिक आहे. पण या झडपेला गोळीशिवाय ठेवणं म्हणजे पक्षाघाताला वाट मोकळी करून देणं. रक्तस्राव थांबून सात दिवस झाले, हिमोग्लोबिन ९ वर टिकलं, तेव्हा गोळी पुन्हा सुरू केली.

डोस मात्र जुना २ चा नाही. फ्लुओक्सेटिन बंद केलं तरी ते लगेच जात नाही. त्याचं अर्धं प्रमाण उतरायला चार ते सहा दिवस लागतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या नॉरफ्लुओक्सेटिनला तर चार ते सोळा दिवस. म्हणजे विकरावरचा अडसर साधारण पाच आठवड्यांत हळूहळू उठतो. या काळात जुना डोस दिला तर आयएनआर पुन्हा चढतो. कमी डोस कायम ठेवला तर महिन्याभराने, घरचे निर्धास्त झाल्यावर, तो दोनच्या खाली घसरतो. हा दुसरा धोका रक्तस्रावाइतका दिसत नाही, म्हणूनच जास्त विसरला जातो.

सुरुवात १ मिलिग्रॅमने केली. तिसऱ्या दिवशी आयएनआर १.५, सातव्या दिवशी २.१. दुसऱ्या आठवड्याअखेर २.२. तिसऱ्या आठवड्यात १.८ झाला तेव्हा डोस १.५ केला. पाचव्या आठवड्यात पुन्हा १.८, मग २ मिलिग्रॅम. सातव्या आठवड्यात २.४ आणि तिथे स्थिरावला. तक्ता पाहिला की औषध शरीरातून उतरत गेल्याचं आठवड्या-आठवड्याला दिसतं, त्यात जेवण सुधारल्याचाही वाटा आहे.

नैराश्यासाठी सहाव्या दिवसापासून मिर्टाझापिन ७.५ मिलिग्रॅम रात्री दिलं, आठवड्याने १५ केलं. ते प्लेटलेटचं सेरोटोनिनचं दार बंद करत नाही, झोप लावतं, भूक वाढवतं आणि सोडियमवर त्याचा भार कमी पडतो. वजन घटलेल्या, पहाटे जागणाऱ्या या रुग्णाला ते चपखल बसलं. आयएनआर तेही किंचित वाढवू शकतं, म्हणून तपासणी सुटली नाही. क्लोनाझेपाम बंद केलं, कारण पातळची गोळी घेणाऱ्याने रात्री झोपेच्या गुंगीत पडणं परवडत नाही.

पहिल्याच दिवशी काय करता आलं असतं

नैराश्याची गोळी लिहिण्याआधी त्याच दिवशीचा आयएनआर, हिमोग्लोबिन आणि सोडियम. औषधाची निवड सर्ट्रालिन २५ ने सुरू करून ५० पर्यंत, किंवा एस्सिटालोप्रॅम ५ ने सुरू करून १० पर्यंत, किंवा मिर्टाझापिन. पहिली दोन विकराला फारसा धक्का लावत नाहीत, प्लेटलेटवरचा परिणाम मात्र त्यांचाही राहतो. फ्लुओक्सेटिन आणि फ्लुव्होक्सामिन या जोडीत टाळलेलं बरं. आयएनआर पुन्हा पाचव्या ते सातव्या दिवशी, मग दर आठवड्याला, महिनाभर. नैराश्याच्या गोळीचा डोस बदलला की पुन्हा तसंच. सोडियम दोन आठवड्यांनी. पूर्वी व्रण झालेला असेल किंवा वय जास्त असेल तर पॅन्टोप्राझोल ४० सकाळी उपाशीपोटी. ओमेप्राझोल एस्सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणून पॅन्टोप्राझोल.

गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दिवसाला २ ग्रॅमच्या आत. रोज आठवडाभराहून जास्त लागलं तर आयएनआर पाहायचा, कारण सलग मोठ्या डोसाने पॅरासिटामॉलही तो चढवतं. दुकानात नुसतं ‘गुडघ्याची गोळी द्या’ म्हटलं तर दुकानदार ॲसिक्लोफेनॅकच पुढे करतो. ‘पातळची गोळी चालू आहे’ हे वाक्य आधी बोलायचं.

गोळ्यांचा साठा पंधरा दिवसांपुरताच घरी ठेवायचा आणि तो सुनेच्या किंवा मुलाच्या ताब्यात द्यायचा. मन फार खचलं, जीव नकोसा वाटला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

घरच्यांना लेखी दिलेल्या खुणा अशा: डांबरी मळ, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकातलं रक्त, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त, न लागता उठलेले डाग, अचानक आलेली जोराची डोकेदुखी, डोक्याला बसलेला कुठलाही मार. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय. तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं ही उलट बाजूची, गुठळीची खूण, आणि तिथे तास नाही, मिनिटं मोजायची. दोन्हींपैकी कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आठव्या आठवड्यानंतर हेलिकोबॅक्टरचा कोर्स क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिनवर, मेट्रोनिडाझोल वगळून, दर तीन दिवसांनी आयएनआर पाहत पार पडला. मध्ये एकदा तो ३.४ झाला, एक डोस वगळला, खाली आला. कोर्स संपल्यावर पुढचे दोन आठवडेही तपासणी आठवड्याला ठेवली, कारण अँटिबायोटिक थांबलं की आयएनआर पुन्हा खाली सरकतो. मिर्टाझापिन किमान सहा महिने चालेल. ते कमी करायला घेतलं की त्या महिन्यातही आयएनआर दर आठवड्याला, असं हृदयाच्या आणि मानसोपचाराच्या दोन्ही कागदांवर एकाच अक्षरात लिहून ठेवलं आहे.